सिग्नलवर बंद पडणारी जुनी गाडी: दोष नेमका कुठे, हे कसं शोधायचं

वर्धा रोडला गाडी ऐंशीनं मस्त धावते. पिकअप ठीक, आवाज ठीक. व्हरायटी चौकात सिग्नल लागतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय निघतो, आरपीएमची सुई खाली घसरते, स्टिअरिंग थरथरतं आणि इंजिन बंद. मग सेल्फ मारायचा आणि एक पाय ब्रेकवर, एक रेसवर ठेवत पुढचा चौक गाठायचा. नागपुरात वीस-पंचवीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगलेलं असतं.

यावर सर्वात लवकर मिळणारा इलाज म्हणजे, "भाऊ, स्लो वाढवून देतो." स्लो म्हणजे आयडलिंग, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगानं फिरतं तो वेग. स्क्रू अर्धा फेरा फिरतो, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बाराशेवर जातो, गाडी बंद पडायची थांबते. माझं या इलाजाशी अजिबात पटत नाही. त्यानं दोष जात नाही, फक्त दिसेनासा होतो. पेट्रोल जास्त जातं, क्लच सोडताना गाडी झटका देते, आणि आतली चिरलेली नळी किंवा अडकलेला व्हॉल्व्ह तसाच राहून वाढत जातो. दुसरा तितकाच वाईट इलाज म्हणजे अंदाजानं पार्ट बदलत सुटणं: आज प्लग, उद्या कॉइल, परवा पंप. खर्च भरपूर होतो, आणि शेवटी कशामुळे बरं वाटलं तेही कळत नाही.

त्याऐवजी आधी एकच प्रश्न नीट विचारायचा: गाडी नेमकी कधी बंद पडते? याचं उत्तर तपशिलात मिळालं की शोधायची जागा पुष्कळ आक्रसते. हा लेख पेट्रोल गाड्यांपुरता आहे. डिझेलचं तंत्र वेगळं, त्यात इथं शिरत नाही.

आयडलिंगलाच का?

पाय काढल्यावर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप जवळपास बंद असते. इंजिनाला अगदी थोडी हवा आणि तितकंच थोडं पेट्रोल मिळतं, आणि तेवढ्यावर त्याला स्वतःला फिरतं ठेवायचं असतं, शिवाय अल्टरनेटर आणि एसी ओढायचा असतो. हाताशी शिल्लक ताकद जवळपास नसते. एखाद्या नळीला बारीक चीर असेल तर तीन हजार आरपीएमला आत जाणाऱ्या हवेच्या मानाने तिथून शिरणारी हवा नगण्य असते. आठशे आरपीएमला तीच चीर मिश्रण पार बिघडवते. म्हणून हायवेला काहीच जाणवत नाही आणि सिग्नलला गाडी मरते. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांचं गरम इंजिनाचं आयडलिंग ७५० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान ठरवलेलं असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो.

पहिलं काम: चार-पाच दिवस नोंद ठेवा

पाना उचलण्याआधी मोबाइलवर टिपणं काढा. इंजिन थंड होतं की गरम? एसी चालू होता का? ब्रेक दाबताना बंद पडलं की नुसतं उभं असताना? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर? रेडिएटरचा पंखा सुरू झाला त्याच क्षणी? पेट्रोल भरून आल्यानंतर? गाडी न्यूट्रलला होती, की गिअरमध्ये क्लच दाबून?

शेवटचा प्रश्न बरेच जण सोडून देतात. न्यूट्रलला आरामात चालणारं इंजिन गिअर टाकून क्लच पूर्ण दाबल्यावर बंद पडत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही असं समजा. तिथं कार्बोरेटर (जुन्या गाड्यांत हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) खोलून काही हाती लागणार नाही.

कसं बंद पडतं, हेही तितकंच बोलकं असतं. स्विच बंद केल्यासारखं एकदम गप्प झालं तर विजेकडे बघायचं: इग्निशन स्विच, कॉइल, सैल वायर, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणारा). सुई हळूहळू घसरत, धडधडत बंद पडलं तर हवा किंवा पेट्रोल. सुई वरखाली, वरखाली होत राहून शेवटी बंद पडलं तर कुठून तरी बाहेरची हवा शिरते आहे, किंवा आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकतो आहे. सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला तर मिश्रण जास्त झालं आहे.

ब्रेक दाबतानाच बंद पडणं हे स्पष्ट लक्षण आहे. तिथं ब्रेक बूस्टरचा, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीनं ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा, संशय पहिला. एसी लावल्यावरच बंद पडत असेल तर आयडल-अपची, म्हणजे एसीचा भार आला की आयडलिंग वाढवणारी, व्यवस्था. फक्त थंड असताना असेल तर चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोलचं मिश्रण देणारी झडप) किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. भर दुपारी तासभर चालवल्यावरच होत असेल तर पेट्रोल तापतं आहे, किंवा गरम झाल्यावर दगा देणारा एखादा विजेचा पार्ट आहे.

हे सगळं शोधेपर्यंत गर्दीत एक लक्षात ठेवा. इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये एक-दोन ब्रेकपुरतीच हवेची ओढ उरते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेक वारंवार सोडून दाबू नका. एकदाच दाबून धरा आणि गाडी बाजूला घ्या.

पाना न उचलता होणारी तपासणी

सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. बॅटरीची टर्मिनलं हातानं हलवून पाहा. हलली, किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर आधी ते साफ करा. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, तीही पाहा. मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आता हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच गरम करणारी जाळी, सगळं लावा. आयडलला आकडा १३ च्या खाली जात असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट आधी बघा.

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. नागपुरात सिमेंट रस्त्यांची कामं जिथं चालू असतात त्या भागातून रोज जाणाऱ्याचा फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. त्यावरची बारीक राखाडी पावडर झटकून जात नाही. फिल्टर बदला.

आणि पीयूसीची स्लिप काढा. लोक तिचा फक्त पास-नापासचा शेरा वाचतात, पण तिच्यावर आयडलिंगला मोजलेले सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) यांचे आकडे छापलेले असतात, म्हणजे तुमच्या इंजिनाचा रिपोर्ट फुकटात हातात असतो. भारत स्टेज-२ आणि ३ (धुराचे सरकारी निकष) च्या पेट्रोल कारला सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमची मर्यादा आहे, त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएम. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळतं आहे: चोक अडकलेला, फिल्टर भरलेला, सेन्सर चुकीचं सांगणारा. सीओ अगदी कमी पण एचसी चढलेलं म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आहे, याचा अर्थ एखादं सिलेंडर मिस होतं आहे, किंवा बाहेरची हवा शिरून मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं आहे. जुन्या दोन-तीन स्लिपा सापडल्या तर शेजारी ठेवून बघा, बदल कधीपासून आहे तेही कळेल.

हवेची गळती: सर्वात जास्त वेळ इथं द्या

माझ्या अनुभवात जुन्या गाडीचा हा दोष सर्वाधिक वेळा रबरात सापडतो. उघडं कारण आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, नवतप्यात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही, आणि आत इंजिनाची उष्णता वेगळी. अशा वीस उन्हाळ्यांनंतर रबर कडक होतं, टोकांना फुटतं आणि वरून मात्र चांगलं दिसतं.

म्हणून नळ्या नुसत्या बघायच्या नाहीत, दाबून बघायच्या. बोटांच्या चिमटीत धरून वाकवा, आणि खालच्या बाजूनं अंगठा फिरवा. एका परिचितांच्या गाडीत तीनदा ट्यूनिंग करूनही फरक पडत नव्हता. बूस्टरची नळी वरून काळी, चकचकीत. मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाच्या) निप्पलजवळ, क्लिपच्या अगदी मागे, खालच्या अंगाला अंगठ्याच्या नखाएवढी चीर होती. नळी वाकवल्यावरच ती उघडायची. तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा चढवली आणि सुई आठशेवर स्थिर झाली.

कुठल्या नळ्या? ब्रेक बूस्टरची जाड नळी, क्रँककेसमधली वाफ परत नेणारी पीसीव्हीची नळी, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम ॲडव्हान्सची बारीक नळी, टाकीतली वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरची नळी, आणि इंजेक्शनवाल्या अनेक गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला जाणारी नळी. त्याबरोबरच एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप, त्याच्या घड्यांमध्ये.

डोळ्यांनी सापडलं नाही तर इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि एकेक नळी पकडीनं, मध्ये फडकं धरून, हळूच चिमटा. कुठली चिमटल्यावर इंजिन सुधारतं ते ऐका. बूस्टरची नळी चिमटल्यावर सुधारलं तर गळती बूस्टरमध्ये आहे. खात्रीसाठी इंजिन बंद करून ब्रेक चार-पाचदा दाबा, मग पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जायला हवं. गेलं नाही, किंवा पेडलजवळ फुसफुस ऐकू आली, तर बूस्टर किंवा त्याचा वन-वे व्हॉल्व्ह गेला. हा ब्रेकचा प्रश्न आहे, गाडी तशीच फिरवू नका. पीसीव्हीची नळी चिमटल्यावर आरपीएम थोडा खाली येणं बरोबर आहे.

मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या गॅस्केटसाठी स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी सांध्यावर बारीक फवारा. पाणी चिरेत ओढलं गेलं की आवाज क्षणभर बदलतो. इग्निशनच्या वायरींपासून लांब फवारा. काही जण कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते करू नका, आगीचा खरा धोका आहे. हात आणि ओढणी पंख्यापासून दूर ठेवा, विजेवरचा पंखा कधीही सुरू होतो.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर फार काम करतं. चांगल्या इंजिनाला आयडलवर समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम दिसतो. नागपूर साधारण ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं एखादा इंच कमी धरा. सुई स्थिर पण खूप खाली असेल तर गळती किंवा उशिरा पडणारं टायमिंग. ठरावीक तालात सुई झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

कार्बोरेटरवाली गाडी असेल तर

ॲम्बॅसॅडर, पद्मिनी, मारुती ८०० आणि झेनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या या वर्गात येतात. २००० च्या आसपास बहुतेक कंपन्या इंजेक्शनकडे वळल्या. सँट्रो १९९८ मध्ये आली तीच एमपीएफआय (संगणकावर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) घेऊन.

इथं पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि नेमकी तीच राहून जाते. अनेक कार्बोरेटरवर एक छोटा सोलेनॉइड असतो, चावी बंद केल्यावर आयडलचं पेट्रोल तोडणारा. त्याची वायर सैल झाली की गाडी रेसवर धावते, पण पाय काढला की लगेच बंद. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, त्याची वायर काढून परत लावा. दर वेळी स्पष्ट 'टिक' यायला हवी. आली नाही तर वायरमध्ये १२ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील आणि टिक नसेल तर सोलेनॉइड बदला.

टिक येते, तरी रेसवर चालते आणि आयडलला मरते? मग आयडलचं पेट्रोल पुरवणारं स्लो जेट. त्याचं छिद्र केसाएवढं असतं आणि टाकीतला गंज तिथं येऊन बसतो. जेट काढून क्लीनर मारा आणि हवेनं साफ करा. तार घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं तर गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. जेट साफ करून पंधरा दिवसांत पुन्हा भरत असेल तर दोष जेटचा नाही. फिल्टर बदला आणि टाकी धुवून घ्या.

चोकची केबल पूर्ण परत जाते का, ते एअर फिल्टरचं झाकण काढून डोळ्यांनी पाहा. डॅशबोर्डवरचा नॉब आत गेला म्हणजे झडप उघडली असं नसतं. कार्बोरेटरचे नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. एकाच बाजूनं जोर लावला की फ्लँज वाकतो आणि खालून हवा शिरायला लागते.

मिश्रणाच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. नळ्या, प्लग, फिल्टर ठीक झाल्यावरच. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद, एअर फिल्टर जागेवर. आधी स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परतीचा रस्ता राहतो. मग पाव-पाव फेरा आत घ्या, इंजिन अडखळायला लागलं की थांबा, तिथून बाहेर काढत जास्तीत जास्त आरपीएमची जागा शोधा. आता थ्रॉटलच्या स्क्रूनं आरपीएम ठरलेल्या आकड्यावर आणा आणि मिश्रण पुन्हा एकदा तपासा. स्क्रू कधीही जोरानं तळाला आवळू नका, सुईचं टोक चेपतं आणि मग ते कार्बोरेटर कधीच नीट लागत नाही. शेवटी पीयूसी केंद्रावर सीओ मोजून घ्या. कान हुशार असला तरी सीओचा आकडा मशीनच सांगतं. मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही इंजिनात काहीच फरक पडत नसेल, तर स्लोचा मार्ग अजून बंद आहे किंवा हवा शिरते आहे. जेटवर आणि नळ्यांवर परत जा.

एमपीएफआय गाडी असेल तर

थ्रॉटल बॉडीपासून सुरुवात करा. झडपेच्या कडेला तेलकट काजळीचं कडं बसतं आणि आयडलला लागणारी हवा तिथंच अडते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, रबरी पाइप सोडवा, थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन झडप आणि कडा पुसा. केबलवाली झडप हातानं उघडता येते. मोटरवाली असेल तर बोटानं रेटू नका, गिअर तुटतात. स्प्रे आत ओतू नका, सेन्सरमध्ये जातो. साफ केल्यावर आयडलिंग काही वेळ चढलेलं राहू शकतं, कारण संगणक जुन्या काजळीच्या हिशेबानं हवा देत असतो. इंजिन गरम करून दहा मिनिटं एसीशिवाय आणि पाच मिनिटं एसी लावून उभं चालू द्या, बहुतेक गाड्या त्यात स्वतःला जुळवून घेतात. झडपेचा थांबा ठरवणारा स्क्रू रंगानं सीलबंद असतो. त्याला हात लावायचा नाही.

यानंतर आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह. इंजिन गरम, आयडलला असताना एसी लावा. कॉम्प्रेसर चढतो तेव्हा सुई क्षणभर दबून परत सावरली पाहिजे. दबून तिथंच राहिली किंवा इंजिन बंद पडलं, तर व्हॉल्व्हचा प्लग काढून बघा. काढल्यावर आयडलिंगमध्ये काहीच बदल नाही, म्हणजे तो अडकलेला आहे. पुष्कळदा काजळी साफ केल्यानंच सुटतो, त्यामुळे नवीन घ्यायची घाई नको.

थंड इंजिनाची तक्रार असेल तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. मॅन्युअलमध्ये त्याच्या रेझिस्टन्सचा २० अंशांना अडीच किलो-ओहमच्या आसपासचा आकडा दिलेला असतो, ८० अंशांना सुमारे ३०० ओहम. पण नागपुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतलं थंड इंजिनसुद्धा चाळीस अंशांवर असतं. तिथं ११०० ते १२०० ओहम दिसले तर घाबरून चांगला सेन्सर फेकू नका, ते रीडिंग बरोबर आहे. चूक तेव्हा, जेव्हा मीटर काहीच दाखवत नाही किंवा इंजिन तापूनही आकडा उतरत नाही.

भारतात बीएस-४ गाड्यांना २०१० पासून ओबीडी (गाडीच्या संगणकाची स्वतःचे दोष नोंदवणारी व्यवस्था) सक्तीचं झालं. त्यानंतरची गाडी असेल तर स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते बघा. आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर हवेची गळती जवळपास नक्की. दोन्हीकडे अधिकच राहत असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे: फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर.

ठिणगी

प्लग काढून ओळीनं, सिलेंडरच्या क्रमानं मांडा. सगळे फिकट तपकिरी असतील तर या भागात वेळ घालवू नका. एकच काळा-ओला असेल तर त्याच सिलेंडरची वायर, प्लग किंवा कॉम्प्रेशन. सगळे काजळलेले असतील तर मिश्रण. एकसारख्या लांबीच्या वायरींचा रेझिस्टन्स एकसारखा यायला हवा, एखादी फार वेगळी निघाली तर बदला. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरीवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळ्या बारीक रेषा चमकल्या तर करंट बाहेर पळतो आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत हे फार स्पष्ट दिसतं.

कुठलं सिलेंडर मारत नाही ते शोधताना चालू इंजिनाची प्लगची वायर हातानं ओढू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका जोरदार असतो. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा प्लग एकेक करून काढा. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, ते सिलेंडर आधीच मेलेलं आहे. पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी यांत्रिक संपर्कपट्ट्या असलेल्या) गाड्यांत पॉइंटची गॅप ०.४ मिमीच्या आसपास आणि पॉइंट साफ हवेत. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या नळीचं टोक तोंडानं ओढून बघा. ओढ टिकली नाही तर डायफ्राम फाटला आहे, आणि तीसुद्धा एक हवेची गळतीच आहे.

नागपूरचं ऊन आणि टाकीतलं पेट्रोल

पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आधीच वाफ व्हायला लागतात. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनाला चिकटलेला यांत्रिक पंप आणि एक्झॉस्टजवळून जाणारा पाइप तापला की पेट्रोलऐवजी वाफ येते. भर दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत बंद पडते, वीस मिनिटांनी सुरू होते. खात्री करायची तर पंपावर ओला कपडा ठेवा. पाच मिनिटांत सुरू झाली तर हाच दोष. पाइप एक्झॉस्टपासून दूर सरकवा, त्याला उष्णतारोधक आवरण घाला, आणि कार्बोरेटरखालची जाड इन्सुलेटर गॅस्केट काढून कोणी साधी लावली आहे का ते बघा. गरम इंजिन बंद करून थोड्या वेळानं सुरू होत नसेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं असतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, पंप केल्यासारखं पुन्हा पुन्हा दाबू नका.

इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. उन्हाळ्यात टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका. चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद घूं ऐकू यायला हवं. गरम गाडी बंद पडल्यावर ते ऐकू येत नसेल तर पंप किंवा त्याचा रिले. ऐकू येतं, पण सेल्फ मारताना आरपीएमची सुई अजिबात हलत नसेल, तर क्रँक सेन्सर तापून गप्प होतो आहे का ते तपासा.

इथेनॉलचाही विचार करा. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल असलेलं) पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या आणि पार्टच्या बनतात. त्याआधीच्या फार जुन्या गाडीत मूळ नळ्या आणि कार्बोरेटरचे डायफ्राम असतील तर ते फुगतात किंवा ठिसूळ होतात, ते इथेनॉल चालणारे घालून घ्या. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ते काही प्रमाणात भरून काढते, कार्बोरेटरला ते करता येत नाही. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, मोकळ्या हवेत, आगीपासून लांब. अर्ध्या तासानं तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा. पेट्रोल भरल्यावरच तक्रार सुरू झाली असेल तर पेट्रोल पंपावर फिल्टर पेपर मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. थेंब वाळल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय धरा.

एवढं करूनही बंद पडत असेल

एलपीजी किंवा सीएनजीचं किट असेल तर आधी दोन्ही इंधनांवर चालवून बघा. फक्त गॅसवर मरत असेल तर रेग्युलेटरचं आयडल सेटिंग आणि मिक्सर बघा. फक्त पेट्रोलवर मरत असेल तर पेट्रोलची बाजू महिनोन् महिने न वापरल्यानं सुकली आहे.

दोन्हींवर मरते आणि गरम झाल्यावरच? मग व्हॉल्व्ह. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट झिजते आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) गॅप कमी होत जाते. इंजिन उलट शांत वाटतं, टिकटिक गेलेली असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि आयडलला कॉम्प्रेशन पळतं. टॅपेट मॅन्युअलच्या आकड्यावर सेट करा, मगच कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, बॅटरी भरलेली ठेवून मोजायचं. एखादं सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथून पुढचं काम घरचं नाही.

गॅरेजला जाताना "गाडी बंद पडते" एवढंच सांगू नका. "गरम असताना, एसी लावल्यावर, सुई हळूहळू खाली येऊन बंद पडते. नळ्या तपासल्या, थ्रॉटल साफ केला, व्होल्टेज ठीक आहे," असं सांगा आणि पीयूसीची स्लिप दाखवा. चांगला मेकॅनिक अशा माहितीनं खूश होतो. बदललेले जुने पार्ट मागून घ्या. दुरुस्तीनंतर गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवून अर्धा तास चालवा, एसी लावून पाच मिनिटं उभी ठेवा, बंद करून दहा मिनिटं उन्हात राहू द्या आणि पुन्हा सुरू करा. आरपीएम ठरलेल्या आकड्यावर आहे ना, की कोणी हळूच स्लो वाढवला आहे, ते गरम इंजिनावर सुईकडे बघून तपासा, आणि मगच पैसे द्या.